गाव नसलेला संघ

मेराल्को ही मनिला आणि आसपासच्या प्रांतांना वीज पुरवणारी कंपनी. दर महिन्याला घरोघर तिचं बिल येतं. या कंपनीच्या नावाचा बास्केटबॉल संघ, मेराल्को बोल्ट्स, १६ जून २०२४ रोजी फिलिपीन्सच्या व्यावसायिक लीगमध्ये पहिल्यांदा विजेता झाला. अंतिम मालिकेतला तो सहावा सामना होता. अखेरच्या काही सेकंदांत सान मिगेलच्या जून मार फाहार्दोने तीन गुणांची बास्केट मारून ७८-७८ अशी बरोबरी साधली. फाहार्दो पावणेसात फुटांहून उंच आहे. त्याचं राज्य बास्केटखाली, लांबून चेंडू टाकणं हे एरवी त्याचं काम नव्हे. मेराल्कोचा आणखी एक हंगाम हातातून निसटला, असंच त्या क्षणी कुणालाही वाटलं असतं. मग क्रिस न्यूसमने मध्यम अंतरावरून उडी घेत चेंडू सोडला. तो आत गेला तेव्हा घड्याळात १.३ सेकंद उरले होते. सामना ८०-७८ असा संपला.

चौदा वर्षं वाट पाहून मिळालेलं हे यश नेमकं कुणाचं, हा प्रश्न भारतातल्या वाचकाला लगेच पडेल, कारण मेराल्कोला गाव नाही. ती मनिलाची नाही, क्वेझॉन सिटीची नाही, सेबूची किंवा दावाओची तर नाहीच. पीबीए, म्हणजे फिलिपीन बास्केटबॉल असोसिएशन, या लीगमधल्या कुठल्याच संघाला गाव नाही. सान मिगेल बिअरचा संघ, हिनेब्रा जिनचा, रेन ऑर शाइन घराच्या रंगाचा, एनलेक्स टोलरस्त्याचा, टीएनटी मोबाइल सेवेचा, कन्व्हर्ज इंटरनेटचा. घरचं मैदान असंही काही नाही. क्वेझॉन सिटीतल्या अरानेटा कोलिसियममध्ये, पासायच्या मॉल ऑफ एशिया अरीनात किंवा पासिगच्या सभागृहात एकाच दिवशी दोन सामने होतात, चार संघ येऊन खेळून जातात आणि प्रेक्षक चौघांचेही तिथेच बसलेले असतात. ९ एप्रिल १९७५ रोजी या लीगचा पहिला सामना झाला. आशियातली ही पहिली व्यावसायिक बास्केटबॉल लीग, आणि आज पन्नास वर्षांनंतरही तिचा पाया तोच आहे: संघ कंपनीचा, नाव मालाचं.

या पायावर टीका फार जुनी आहे. कंपनीच्या नावाचा संघ म्हणजे चालतीबोलती जाहिरात, त्याला लोकांशी देणंघेणं नसतं, खरी निष्ठा गावाशी असते, म्हणून पीबीएने आपले संघ शहरांत वाटून टाकावेत, असं फिलिपीन्समधले पत्रकार आणि चाहते अनेक वर्षं म्हणत आले आहेत. मला ही टीका अर्धीच पटते. दुखणं आहे हे खरं, पण ते नावात आहे असं मला वाटत नाही. संघ लोकांचा होतो तो त्याने लोकांच्या डोळ्यांसमोर जगलेल्या हंगामांमुळे, आणि त्यांत हरलेल्या हंगामांचा वाटा जिंकलेल्यांपेक्षा मोठा असतो. गावाचं नाव दिलं म्हणून हे आपोआप घडत नाही आणि कंपनीचं नाव आहे म्हणून अडत नाही. अडतं दुसऱ्याच ठिकाणी. मेराल्कोचा २०२३-२४चा हंगाम मला यासाठी महत्त्वाचा वाटतो की त्यात या लीगचं वैभव आणि तिचं दुखणं अशा दोन्ही गोष्टी एकदम दिसतात.

आधी थोडं मागे जाऊ. फिलिपीन्समध्ये बास्केटबॉल आला तो अमेरिकी राजवटीबरोबर, शाळांतून आणि वायएमसीएमधून. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये हा देश पाचवा आला, १९५४च्या जागतिक स्पर्धेत तिसरा. देशांतर्गत खेळ वाढला तो मात्र कंपन्यांच्या आश्रयाने. १९३८ पासून मनिलातल्या उद्योग-व्यापारी आस्थापनांची मायका नावाची संघटना स्पर्धा भरवत होती. खेळाडू कंपनीच्या पगारपत्रकावर असायचा, संध्याकाळी कंपनीचा बनियन घालून खेळायचा. मुंबईच्या वाचकाला हे परकं वाटू नये. टाइम्स शील्डमधले कंपन्यांचे क्रिकेट संघ, बँकांचे आणि रेल्वेचे कबड्डी संघ, मफतलालसारख्या गिरण्यांचे फुटबॉल संघ यांतूनच आपल्याकडच्या कितीतरी खेळाडूंच्या घरची चूल पेटली.

मायकाच्या काळात मेराल्कोचा संघ होता. तेव्हा कंपनी लोपेझ कुटुंबाची होती आणि संघात रॉबर्ट जावोर्स्की नावाचा तरुण खेळत होता, जो पुढे देशातला सर्वांत लोकप्रिय खेळाडू झाला आणि १९९८ मध्ये सिनेटवर निवडून गेला. १९७२ मध्ये फर्डिनांड मार्कोसने मार्शल लॉ पुकारला, लोपेझ कुटुंबाच्या हातून मेराल्को गेली आणि संघही संपला. संघाचं भवितव्य मालकाच्या भवितव्याला बांधलेलं असलं की काय होतं, याचा हा पहिला धडा. तो लीग जन्मायच्या आधीच मिळाला होता.

पुढे कंपनी लोपेझांकडे परत आली आणि नंतर मानुएल पांगिलिनान यांच्या उद्योगसमूहाने तिच्यात पाय रोवला. २०१० मध्ये सांता लुसिया या घरबांधणी कंपनीच्या संघाचा हक्क विकत घेऊन मेराल्को पीबीएत उतरली. सांता लुसियाची दोन विजेतेपदं होती. ती मेराल्कोच्या खात्यावर आली नाहीत. पाटी कोरी करून सुरुवात झाली.

त्यानंतर मेराल्कोने जे सोसलं त्यातून तो संघ घडला, असं मी म्हणतो. २०१६ मध्ये गव्हर्नर्स कपच्या अंतिम फेरीत मेराल्को पहिल्यांदा पोहोचली. समोर हिनेब्रा, म्हणजे देशातला सगळ्यात लाडका संघ, आठ वर्षं विजेतेपदाविना तळमळत असलेला. सहाव्या सामन्यात शेवटच्या क्षणी हिनेब्राच्या जस्टिन ब्राउनलीने तीन गुणांची बास्केट मारली आणि ९१-८८ असा सामना गेला. तो फटका आजही फिलिपीन्समध्ये पुन्हा पुन्हा दाखवला जातो आणि दरवेळी मेराल्को त्यात हरलेल्या बाजूला असते. पुढच्या वर्षी पुन्हा तेच दोन संघ. या वेळी मालिका सातव्या सामन्यापर्यंत गेली आणि बुलाकानमधल्या फिलिपीन अरीनात ५४,०८६ प्रेक्षक जमले. बहुतेक सगळे हिनेब्राचे. मेराल्को हरली. २०१९चा गव्हर्नर्स कप, त्याची अंतिम फेरी जानेवारी २०२० मध्ये झाली, पुन्हा हिनेब्रा, पुन्हा पराभव. एप्रिल २०२२ मध्ये चौथ्यांदा तेच.

गव्हर्नर्स कपमध्ये प्रत्येक संघाला एक परदेशी खेळाडू घेता येतो. त्यांना तिथे इंपोर्टच म्हणतात. मेराल्कोचा इंपोर्ट अ‍ॅलन डरहॅम २०१६, २०१७ आणि २०१९ असा तीनदा स्पर्धेतला सर्वोत्तम इंपोर्ट ठरला आणि तिन्ही वेळा रिकाम्या हाताने परतला. त्यामुळे मेराल्कोबद्दल एक समज पक्का झाला होता: हा डरहॅमच्या खांद्यावर चालणारा संघ आहे, आणि खांदा कितीही भक्कम असला तरी ब्राउनलीपुढे तो पुरत नाही.

२०२३-२४च्या हंगामात दोनच स्पर्धा झाल्या. पहिल्या, कमिशनर्स कपमध्ये मेराल्को उपांत्यपूर्व फेरीत फीनिक्सकडून हरून घरी गेली. दुसरी फिलिपीन कप. हिला लीगमध्ये सर्वाधिक मान, कारण हिच्यात इंपोर्ट नसतो आणि संघाला आपल्याच माणसांवर उभं राहावं लागतं. डरहॅमच्या जोरावर जगतो असं मानलेल्या संघाकडून इथे कुणी फारशी आशा ठेवण्याचं कारण नव्हतं, आणि सुरुवातही तशीच झाली. पहिल्या आठ सामन्यांत तीन विजय, पाच पराभव. आणखी एक-दोन हार झाली असती तर बाद फेरीचंही खरं नव्हतं. मेराल्कोने उरलेले तिन्ही सामने जिंकले. त्यांतला शेवटचा सान मिगेलविरुद्ध होता. सान मिगेल तोवर दहापैकी दहा सामने जिंकून बसली होती. साखळीत तिला हरवणारा एकमेव संघ मेराल्को ठरला.

मग एनलेक्सला दोन सामन्यांत बाजूला केलं आणि उपांत्य फेरीत समोर कोण, तर हिनेब्रा. मालिका २-३ अशी मागे पडली. आठ वर्षांत चार वेळा ज्यांनी स्वप्न मोडलं त्यांच्यासमोर एक पराभव म्हणजे शेवट. मेराल्कोने सहावा सामना जिंकला, सातवाही जिंकला. माझ्या मते खरं विजेतेपद तिथेच मिळालं. सान मिगेलविरुद्धची अंतिम मालिका अधिक चुरशीची होती, तिच्यातले बहुतेक सामने थोडक्या गुणांनी ठरले, पण जुनं ओझं उतरलं ते हिनेब्राविरुद्ध.

या संघाकडे नीट पाहिलं की कंपनीचं नाव मागे पडतं. न्यूसम अमेरिकेत वाढलेला, मनिलाच्या आतेनेओ विद्यापीठाकडून खेळलेला. मेराल्कोने २०१५ मध्ये त्याला निवडलं आणि तेव्हापासून तो तिथेच आहे. चारही पराभव त्याने मैदानावर सोसले. क्लिफ हॉज त्याच्याही आधीपासूनचा. क्रिस बँचेरो तर आणखी वेगळ्या जखमेचा धनी. २०१६ मध्ये तो अलास्का या दूध कंपनीच्या संघात होता. फिलिपीन कपच्या अंतिम मालिकेत अलास्काने सान मिगेलविरुद्ध पहिले तिन्ही सामने जिंकले होते आणि नंतरचे चारही गमावले. तेव्हाही फाहार्दोच दुखापतीतून परतून आडवा आला होता. आणि प्रशिक्षक लुईजी त्रिल्यो हाही मूळचा अलास्काचा माणूस. २०१३ मध्ये अलास्काने शेवटचं विजेतेपद मिळवलं तेव्हा त्यांचा प्रशिक्षक तोच होता. हिनेब्राकडून चार वेळा हरलेल्यांनी हिनेब्राला हरवलं, सान मिगेलसमोर ३-० वरून कोसळलेल्या संघातल्या माणसाने सान मिगेलला हरवलं. यातलं काहीही वीज कंपनीच्या जाहिरात खात्याला ठरवून घडवता आलं नसतं. हे सगळं खेळाडूंनी आणि त्यांना पाहणाऱ्यांनी वर्षानुवर्षं साठवलेलं होतं.

निष्ठा नावाला चिकटत नाही, ती माणसांना आणि आठवणींना चिकटते, याचा याहून जुना पुरावा हिनेब्राच आहे. १९७० च्या दशकात देश दोन संघांत वाटला गेला होता: क्रिस्पा आणि टोयोटा. एक कपड्यांचा, दुसरा मोटारींचा. टोयोटाने लीग सोडली तेव्हा तिचे खेळाडू एकगठ्ठा एशिया ब्रुअरीला विकले. जावोर्स्की आणि फ्रान्सिस अर्नाइझ यांनी जायला नकार दिला आणि १९८४ मध्ये गिल्बीज जिनकडे गेले. टोयोटाचे हजारो पाठीराखे त्यांच्या मागोमाग निघाले. पुढच्याच वर्षी संघाचं नाव हिनेब्रा झालं. त्या वर्षी नॉर्दर्न कन्सॉलिडेटेडविरुद्धच्या सामन्यात जावोर्स्कीचा ओठ कोपर लागून फाटला. तो इस्पितळात गेला, टाके घालून परत आला, संघ मागे होता तरी उतरला आणि सामना फिरला. हार मानायची नाही, ही हिनेब्राची ओळख तिथून घट्ट झाली. जावोर्स्की पुढे खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दोन्ही भूमिकांत राहिला, पन्नाशीपर्यंत. जानेवारी २०२३ मध्ये हिनेब्राच्या, हाँगकाँगच्या पाहुण्या संघाविरुद्धच्या अंतिम मालिकेतल्या सातव्या सामन्याला ५४,५८९ माणसं आली, तो लीगचा गर्दीचा उच्चांक. ही माणसं जिन पिण्यासाठी जमली नव्हती. त्यांच्या आजोबांनी किंवा वडिलांनी जावोर्स्की पाहिला होता आणि त्यांना तो सांगितला होता.

गाव नसण्याचा एक गुणही आहे, आणि तो टीकाकारांच्या नजरेतून सुटतो. फिलिपीन्स हा घर सोडून जगणाऱ्यांचा देश आहे. सात हजारांवर बेटं आणि त्यांतून मनिलाकडे येणारी माणसं: इलोकोसहून, बिकोलहून, विसायाच्या बेटांवरून. मनिलाहून पुढे सौदी, दुबई, हाँगकाँग, इटली, आणि जगभरची जहाजं. परदेशात कामाला असलेल्या फिलिपिनोंची संख्या सुमारे २० लाख आहे. कोकणात किंवा गोव्यात ज्यांच्या घरी कुणी जहाजावर आहे, त्यांना फिलिपिनो सहकारी ऐकून तरी माहीत असतात. अशा माणसाला पासिग शहराचा संघ किंवा मकाती शहराचा संघ काय देणार? तो पासिगचा कधी नव्हताच. तिथे भाड्याने राहिला आणि निघून गेला. हिनेब्रा मात्र तो रियाधला सोबत नेऊ शकतो. पीबीएने दुबईत सामने भरवले तेव्हा तिथल्या गर्दीला घरचा संघ आणि पाहुणा संघ असा भेद करावा लागला नाही. जे लोक स्वतःच एका जागी राहू शकत नाहीत, त्यांना कुठल्याही जागेला न बांधलेला संघ आपला वाटला, यात मला अस्वाभाविक काही दिसत नाही.

इथे जपानचं उदाहरण पुढे केलं जातं, आणि ते विचारात घ्यायलाच हवं. जपानमध्येही बास्केटबॉल कंपन्यांच्या हातात होता. २०१६ मध्ये तिथे बी-लीग सुरू झाली, संघ शहरांशी आणि प्रांतांशी जोडले गेले, प्रत्येकाला घरचं मैदान आलं. आज तीच लीग थर्डी आणि कीफर रावेना, ड्वाइट रामोस यांच्यासारख्या फिलिपिनो खेळाडूंना बोलावून घेते. पीबीएत खेळाडूला महिन्याला जास्तीत जास्त ४,२०,००० पेसो देण्याची मर्यादा आहे, जपान त्याहून अधिक देतं. मग पीबीएनेही तसंच करावं, हा युक्तिवाद. पण फिलिपीन्सने शहरांची लीग करून पाहिलेली आहे. १९९८ मध्ये मेट्रोपॉलिटन बास्केटबॉल असोसिएशन सुरू झाली, तिच्यामागे एबीएस-सीबीएन ही सर्वांत मोठी वाहिनी होती, संघ प्रांतांतले होते, घरी-बाहेर सामने होत होते. बेटांवरून बेटांवर विमानाने संघ नेण्याचा खर्च आणि छोट्या शहरांतली तुटपुंजी तिकीटविक्री यांत ती २००२ मध्ये बंद पडली. नंतर मॅनी पॅक्याओने सुरू केलेली एमपीबीएल ही शहरांचीच लीग आहे आणि ती चालतेही आहे. तिथल्या प्रेक्षकांचा आनंद खरा आहे, त्याला कमी लेखण्याचं काही कारण नाही. माझं म्हणणं इतकंच की शहर ही निष्ठेची एक वाट आहे. तीच एकमेव मानली की पीबीएच्या पन्नास वर्षांना खोटं ठरवावं लागतं, आणि ते खोटं नाही. आपल्याकडच्या आयपीएलमध्ये संघांना शहरांची नावं आहेत. पण मालकी कंपन्यांचीच आहे, खेळाडू लिलावात येतात-जातात. तिथेही लोक जोडले गेले ते वर्षानुवर्षं पाहिलेल्या खेळाशी.

तर मग दुखणं कुठे आहे? मेराल्कोच्या याच हंगामाकडे पुन्हा पाहू. २०२४चा कमिशनर्स कप सान मिगेलने जिंकला, मॅग्नोलियाला हरवून. फिलिपीन कप मेराल्कोने जिंकला, सान मिगेलला हरवून. पुढच्या हंगामात गव्हर्नर्स कप आणि कमिशनर्स कप टीएनटीने जिंकले, दोन्ही वेळा हिनेब्राला हरवून. मग फिलिपीन कप सान मिगेलने, टीएनटीला हरवून. सलग पाच अंतिम फेऱ्या आणि त्यांत खेळलेले संघ फक्त दोन घरांतले. सान मिगेल, हिनेब्रा आणि मॅग्नोलिया ही तिन्ही सान मिगेल कॉर्पोरेशनची. मेराल्को, टीएनटी आणि एनलेक्स ही तिन्ही पांगिलिनान यांच्या समूहाची. बारा संघांच्या लीगमध्ये सहा संघ दोघांचे. या दोन घरांबाहेरचा शेवटचा विजेता रेन ऑर शाइन, २०१६च्या कमिशनर्स कपचा. त्यानंतर २०२५ पर्यंत एकही नाही.

उरलेल्या सहांच्या खेळाडूंमध्ये जिद्द कमी होती म्हणून हे झालेलं नाही. या लीगमध्ये नव्या खेळाडूंची निवड ड्राफ्टने होते. तळाच्या संघाला पहिला हक्क, म्हणजे दुबळ्याने पुढच्या वर्षी उभं राहावं अशी सोय. पण तो हक्क विकता-बदलता येतो. २०१७ मध्ये तळाला असलेल्या किआ संघाने आपला पहिला हक्क सान मिगेलला दिला आणि बदल्यात तीन राखीव खेळाडू आणि भविष्यातली एक निवड घेतली. सान मिगेलने त्या हक्कावर क्रिस्टियन श्टांडहार्डिंगरला घेतलं. आधीच फाहार्दो ज्यांच्याकडे, त्यांनाच देशातला त्या वर्षीचा सर्वोत्तम उंच खेळाडू. या व्यवहाराला मंजुरी देणाऱ्या आयुक्त चितो नार्वासा यांच्यावरून लीगच्या संचालक मंडळात फूट पडली आणि त्यांना पद सोडावं लागलं. व्यवहार मात्र कायम राहिला. त्याच किआचं नाव पुढे कोलंबियन झालं. २०१८ मध्ये त्यांनी पहिल्या हक्कावर सीजे पेरेझला निवडलं. २०२१ मध्ये, टेराफर्मा हे नवं नाव घेतलेल्या त्याच संघाकडून, पेरेझही सान मिगेलकडे गेला. २०२४च्या अंतिम मालिकेत मेराल्कोसमोर तो सान मिगेलच्याच पोशाखात उभा होता.

टेराफर्माच्या पाठीराख्याचा विचार करा. त्याच्या संघाला गाव नाही ही त्याची तक्रार नसणार. संघ वाईट खेळला, त्याचं फळ म्हणून चांगला खेळाडू मिळाला, त्याच्यावर आशा बांधली आणि दोन वर्षांत तो श्रीमंताघरी गेला, ही त्याची तक्रार आहे. हरण्याला पुढे कधीतरी अर्थ येईल, या विश्वासावर पाठीराखा टिकतो. मेराल्कोच्या चार पराभवांना २०२४ मध्ये अर्थ आला, कारण न्यूसम आणि हॉज यांना संघाने जपलं. आणि जपता आलं, कारण मेराल्को स्वतः त्या दोन घरांपैकी एकातली आहे. हे लिहिताना मला वाईट वाटतं, कारण न्यूसमच्या त्या फटक्यावर माझं मनापासून प्रेम आहे. पण तेवढीच जिद्द असलेला, तेवढंच सोसलेला एखादा संघ रेन ऑर शाइन किंवा फीनिक्स असता, तर आठ वर्षं आपली माणसं त्याच्या हातात राहिली असती का? लीगचा गेल्या दशकाचा इतिहास नाही म्हणतो. एका मालकाचा एकच संघ, हा नियम जगातल्या बहुतेक मोठ्या लीगमध्ये आहे. पीबीएत तो येत नाही, कारण तो आणायचा तर ज्यांच्या पैशावर लीग उभी आहे त्या दोघांनाच चार संघ सोडावे लागतील. ते अवघड आहे. पण गावांची नावं वाटण्यापेक्षा हे आधी व्हायला हवं.

दुसरं दुखणं अलास्काच्या शेवटात दिसलं. दुधाच्या कंपनीचा हा संघ १९८६ मध्ये लीगमध्ये आला. टिम कोन १९८९ पासून त्याचा प्रशिक्षक होता. १९९६ मध्ये अलास्काने एका हंगामातल्या तिन्ही स्पर्धा जिंकल्या, जे पीबीएच्या इतिहासात मोजक्याच संघांना जमलं. त्या संघाचा कणा जॉनी अबारिएंतोस होता, साडेपाच फुटांच्या जरा वर उंची असलेला, आणि त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू. बुटक्या माणसांच्या देशाला त्याच्यात स्वतःची शक्यता दिसली. एकूण चौदा विजेतेपदं अलास्काची. आणि हा संघ दोन घरांबाहेरचा होता, उयतेंगसू कुटुंबाने उभा केलेला. २०१२ मध्ये कंपनी डच दूधउद्योग फ्रीस्लँडकॅम्पिनाच्या ताब्यात गेली. संघ आणखी दहा वर्षं टिकला. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी, हंगाम चालू असतानाच, अलास्का लीग सोडत असल्याचं जाहीर झालं. मार्चमध्ये उपांत्यपूर्व फेरीत एनलेक्सकडून हरून तो संघ संपला. तेव्हा बाकावर प्रशिक्षक म्हणून जेफ कारियासो बसला होता, १९९६च्या त्या संघातलाच एक खेळाडू.

गोव्याच्या वाचकाला यात ओळखीचं काही सापडेल. धेंपो आणि साळगावकर हे खाणमालक घराण्यांच्या नावांचे फुटबॉल संघ. धेंपो पाच वेळा राष्ट्रीय विजेता झाला, आणि गोव्यातल्या कितीतरी गावांनी तो आपलाच मानला. २०१६ मध्ये राष्ट्रीय महासंघाच्या नव्या आराखड्याला विरोध म्हणून दोन्ही संघ देशपातळीवरच्या लीगमधून बाहेर पडले. मुंबईत महिंद्रा युनायटेड २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकून २०१० मध्ये बंद झाला. निर्णय घेणाऱ्यांची कारणं खोटी नसतील, पैसा त्यांचा होता. पण त्या संघांच्या आठवणी फक्त त्यांच्या नव्हत्या, आणि त्या आठवणींचा वाली कोण, याचं उत्तर कुठल्याच नियमपुस्तकात नव्हतं.

फिलिपीन्समध्ये अलास्काचा हक्क कन्व्हर्ज या इंटरनेट कंपनीने घेतला. जून २०२२ मध्ये नवा संघ मैदानात उतरला तेव्हा बरेचसे खेळाडू तेच होते, प्रशिक्षकही सुरुवातीला कारियासोच होता. बदललं होतं ते नाव आणि पोशाखाचा रंग, आणि इतिहासाच्या रकान्यात शून्य होतं. चौदा विजेतेपदं आज कुणाच्याच नावावर पुढे चालत नाहीत. सांता लुसियाची दोन जशी चालत नाहीत, क्रिस्पाची तेरा जशी चालत नाहीत. कंपन्या येणार, जाणार, विकल्या जाणार, हे पीबीएने १९७५ मध्येच मान्य केलं आणि त्यात काही गैर नाही. पण लीगचा हक्क विकत घेणाऱ्याने आधीच्या संघाच्या नोंदी, निवृत्त केलेले क्रमांक आणि विजेतेपदांचे फलक सोबत घ्यावेत, आपल्या नावाशेजारी जुनं नाव काही वर्षं तरी चालवावं आणि मैदानात जुन्या पाठीराख्यांना त्यांची जागा द्यावी, अशी अट घालायला लीगला पैसा लागत नाही. कन्व्हर्जने खेळाडूंचे करार घेतले तेव्हा त्यांच्यासोबत १९९६ही घ्यायला हवं होतं, आणि लीगने ते घेतल्याशिवाय सही करायला नको होती.